सम कुठे येईल, ते सिडला ठाऊक

3 मे 1969. लंडनमधल्या ॲबी रोडवरच्या, ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीच्या स्टुडिओत तुम्ही शिरता. दोन वर्षांपूर्वी इथेच बीटल्सचं ‘सार्जंट पेपर’ चालू असताना पिंक फ्लॉइडनं आपली पहिली लाँग प्ले ध्वनिमुद्रित केली. तिच्यातली बहुतेक गाणी लिहिणारा आणि गाणारा सिड बॅरेट आता त्या बँडमध्ये नाही. एलएसडी आणि ढासळत गेलेलं मन, यांमुळे तो मंचावर गिटार गळ्यात घेऊन नुसताच उभा राहू लागला होता. शेवटी 1968च्या जानेवारीत एका कार्यक्रमाला निघताना मित्रांनी त्याला घरून न्यायचं टाळलं. आज तो 23 वर्षांचा आहे आणि स्वतःच्या नावावरची पहिली तबकडी करतो आहे.

साथीला सॉफ्ट मशीन या बँडचे तिघे आलेत: रॉबर्ट वायट ड्रमवर, ह्यू हॉपर बासवर, माइक रॅटलेज ऑर्गनवर. सिडची गिटार आणि आवाज आधीच फितीवर आहेत. त्यांवर यांनी वाजवायचं. वायट स्वर विचारतो. सिड ‘हो’ म्हणतो आणि थांबतो.

हेडफोन कानाला लावा. एक ओळ पुरी होते, दुसरी अर्ध्या मात्रेनं लांबते, तिसरी आधीच वळते. तुम्ही पायानं ठेका धरता आणि पाय चुकतो. तिघे एकमेकांकडे बघत, अंदाज घेत मागून येतात. गवई सम हवी तिथे नेऊ लागला, तर तबलजीला त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसावं लागेल, तसं हे आहे. वायटला वाटतंय की ही तालीम आहे. तबकडीवर हेच जाणार आहे. पण पुन्हा पुन्हा ऐका: सिड भरकटत नाही. शब्द जितका लांब, तितकी त्याची मात्रा लांब. माझं ठाम मत आहे की हा बेतालपणा नव्हे.

आता 26 जुलै. सहा दिवसांपूर्वी माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा बीबीसीवर वाजवायला बोलावलं होतं ते पिंक फ्लॉइडला, सिडविना. आज काचेमागे त्याच बँडचे दोघे निर्माते म्हणून बसलेत, डेव्हिड गिल्मर आणि रॉजर वॉटर्स. सिडच्या जागी आलेला गिल्मरच. कंपनीचा धीर संपत आलाय, आणि या दोघांना आपल्या बँडची ‘उमागुमा’ ही तबकडी पुरी करायची आहे.

सिड एकटाच गातोय. कागद उलटल्याचा आवाज मायक्रोफोन टिपतो. आणखी एका गाण्यात पहिल्याच ओळीला आवाज फाटतो, तो थांबतो, काहीतरी पुटपुटतो, पुन्हा सुरू करतो. तुमची नजर खाली जाते. अशी फीत कापून टाकतात. इथे ती ठेवली गेली.

एप्रिलमधली सत्रं सांभाळणारे, हार्वेस्ट लेबलचे प्रमुख माल्कम जोन्स यांना हे मुळीच पटलं नाही. माणूस जसा होता तसा दाखवला, हे निर्मात्यांचं समर्थन मलाही अपुरं वाटतं. एक फाटलेला क्षण ठेवला की ऐकणारा बाकीच्या मोकळ्या मात्राही त्याच खात्यात टाकतो, आणि मे महिन्यात तुम्ही ऐकलेली ती जाण हरवते.

3 जानेवारी 1970ला ‘द मॅडकॅप लाफ्स’ दुकानात येते. छायाचित्रकार मिक रॉकनं टिपलेलं मुखपृष्ठ हातात घ्या: अर्ल्स कोर्टच्या फ्लॅटमध्ये नारिंगी आणि जांभळट पट्ट्यांनी रंगवलेल्या लाकडी जमिनीवर सिड उकिडवा बसलाय. मग तबकडी उलटून तेराही गाण्यांची नावं वाचा. ‘ओपेल’ त्यांत नाही. एप्रिलमध्ये एकट्या गिटारवर गायलेलं ते दीर्घ गाणं, शेवटपर्यंत नेलेलं, त्याच्या आवाजातली सगळी तळमळ सांभाळणारं. अडखळलेली सुरुवात तबकडीवर गेली. हे गाणं लोकांना ऐकायला मिळालं 1988 साली.