उतारा आणि वाण : गांजाच्या शेतीतला एक जुना तिढा

शेतकरी आपल्या बियाण्याला दोन प्रश्न विचारतो. उतारा किती पडेल? आणि यातलेच बी राखून पुढच्या साली पेरले, तर पीक असेच येईल काय? पहिल्याचे उत्तर खळ्यावर मिळते. दुसऱ्यासाठी काही हंगाम जावे लागतात. चंद्रपूर जिल्ह्यातील दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या शेतातल्या काही वेगळ्या लोंब्या निवडून 'एचएमटी' हा भाताचा वाण सिद्ध केला. त्यांच्या चिकाटीला भाताच्या स्वभावाची साथ होती, कारण भाताचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. निवड एकदा नेमकी झाली की वाण टिकतो.

भांगेच्या झाडाचा स्वभाव नेमका उलट. त्यात नर आणि मादी झाडे सहसा वेगळी, आणि पराग वाऱ्यावर दूरवर जाणारा. शेतकऱ्याने उत्तम मादी झाड निवडले, तरी त्या बियांचा बाप कोणत्या बांधावरचा, हे त्याला कळत नाही. म्हणून घरच्या बियाण्यातून दरवर्षी उंच-ठेंगणी, लवकर-उशिरा फुलणारी अशी सरमिसळ उगवते. या पिकाच्या इतिहासाकडे आम्ही पाहतो, ते या तिढ्यामुळे.

हा तिढा सर्वांत स्पष्ट दिसतो तो बंगालमधील राजशाही जिल्ह्यातल्या नौगाव भागात. तेथे सरकारी परवान्याने गांजाची शेती होत असे. हेमचंद्र कर यांनी १८७७ मध्ये या लागवडीवर सविस्तर अहवाल लिहिला. गांजा म्हणजे मादी झाडाचे राळेने भरलेले तुरे. ते फळले की झाडाचे बळ बियांत जाते आणि माल हिणकस होतो. म्हणून फुले उमलण्याआधीच नर झाडे उपटून टाकावी लागत. हे काम करणाऱ्या जाणत्या माणसाला पोद्दार म्हणत. इंग्रज अधिकारी त्याला 'गांजा-डॉक्टर' म्हणू लागले. पान आणि पेरे पाहून कोवळ्या झाडाचे लिंग ओळखणे ही त्याची विद्या.

परंतु या विद्येतच विरोध दडलेला होता. पोद्दाराचा हात जितका अचूक, तितके शेत निर्बीज. उत्तम मालाच्या शेतातून पुढच्या सालचे बी निघत नाही. आणि बी धरायचे तर कोठेतरी नर राखावा, वा चुकून राहू द्यावा लागतो. उतारा आणि वाणाची शुद्धता या दोन अपेक्षा एकाच शेतात नांदत नाहीत.

१८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमले. ११९३ जणांची साक्ष होऊन १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल तयार झाला. नौगाव, निमाडातील खांडवा आणि आपला अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्हा ही गांजा पिकवणारी ठिकाणे त्यात भेटतात. बंगालात चपटा, गोल आणि चुरा अशा तीन प्रकारांवर वेगळ्या दराने कर होता. चुऱ्यात काड्या कमी, म्हणून शेरामागे कर जास्त. केवळ वजन म्हणजे उतारा नव्हे, हे महसूल खात्याने बरोबर ओळखले होते. मात्र कर मालावर होता, बियाण्यावर नव्हता. त्यामुळे मालाचा हिशेब शेरा-छटाकापर्यंत राखला गेला. बी निवडणाऱ्याच्या ज्ञानाला तशी खतावणी कधीच मिळाली नाही.

त्याची किंमत पुढे मोजावी लागली. १९४७ च्या फाळणीत नौगाव पूर्व पाकिस्तानात गेले. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाची शेती गुन्हा ठरली. धागा व बी यांसाठी लागवडीला परवानगी देण्याचा अधिकार मात्र सरकारकडे राहिला. त्याच वाटेने उत्तराखंडात २०१८ मध्ये औद्योगिक लागवडीचा परवाना दिला गेला. अट अशी की झाडातील टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, ०.३ टक्क्यांवर जाऊ नये. कुमाऊं-गढवालात भांगेच्या धाग्याचे कापड आणि बियांची चटणी ही जुनी रीत. पण पहाडी झाडे कित्येकदा ही मर्यादा ओलांडतात, आणि एकाच वाफ्यातली दोन झाडे सारखी निघत नाहीत.

म्हणजे आज कायदा शेतकऱ्याकडे मागतो आहे तो उतारा नव्हे, सारखेपणा. आणि हा सारखेपणाच या झाडाला सर्वांत अवघड. तो आणायचा तर शेते एकमेकांपासून दूर ठेवणे, भेसळ झाडे उपटणे, पिढ्यानपिढ्या निवड करणे याला पर्याय नाही. कोवळ्या रोपातला नर ओळखणारी पोद्दाराची नजर येथे पुन्हा लागेल, पण आता माल निर्बीज करण्यासाठी नव्हे, बी शुद्ध राखण्यासाठी. त्या नजरेचे वारस आपण नाहीसे होऊ दिले. शेतीचा इतिहास करांच्या दप्तरावरून लिहिला की त्यात माल उरतो, माणूस आणि वाण गळून जातात, असे आम्हांस वाटते.