दाखल्यापुरताच कागद नको

जातीच्या दाखल्याला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणून आपली माणसे तहसील कचेरीतून कोतवाल बुकाची नक्कल काढतात. दाखला मिळाला की नक्कल पेटीत. आम्ही म्हणतो, ती इतिहास म्हणूनही वाचा.

आपल्यापैकी बरीच घरे रत्नागिरी जिल्ह्यातली. कोतवाल बुकात जन्म-मृत्यू, बापाचे नाव, जात सापडते. शाळेच्या जनरल रजिस्टरात शाळा सोडल्याची तारीख व कारण. महार वतनाच्या फेरफारात वारसांची नावे. हे सगळे शेजारी ठेवले की कोणते घर कधी मुंबईला आले, याचा अंदाज बांधता येतो.

कारणेही जुळवावीत. 1890 नंतरच्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली. खोती 1949 च्या कायद्याने गेली, महार वतन 1958 च्या. तोवर वेठ होतीच. मुंबईत गिरणी मिळाली. पण साचेखात्यात अस्पृश्यांना मज्जाव, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. म्हणजे गाव सुटले, जात सुटली नाही.

बंधूंनो, भगिनींनो, हे कागद जीर्ण होताहेत. नकला काढा, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून तारखा लिहून ठेवा. आपण नाही लिहिले तर कोण लिहिणार?