मसणवटीतले हसू : दलित कथेतील विनोद आणि भय

दलित साहित्यावर जे आक्षेप वर्षानुवर्षे घेतले जातात त्यांत एक असा आहे की, या साहित्याला हसता येत नाही. वेदना आहे, विद्रोह आहे, नकार आहे. पण विनोद नाही. दुसरा आक्षेप इतक्या उघडपणे केला जात नाही, पण परिसंवादांत कानावर येतो : या कथांतील भीषणता अंगावर येते, तिला कलात्मक अंतर नाही. हे दोन्ही आक्षेप शेजारी ठेवले म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. ज्या कथांत हसू नाही असे म्हटले जाते आणि ज्यांत भीषणता फार झाली असे म्हटले जाते, त्या कथा एकच आहेत. त्यांतले हसू टीकाकाराला दिसत नाही, कारण ते भीषणतेच्या पोटात बसलेले आहे. माझे म्हणणे असे की, दलित कथाकाराने विनोद आणि भय मुद्दाम आणून एकत्र केले नाहीत. गावकुसाबाहेर ते एकत्रच नांदत होते. त्यांची वाटणी गावाने केली.

या वाटणीचा इतिहास जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने हास्यरस प्रामुख्याने स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्या ठिकाणी दिसतो असे सांगितले. आणि भय या स्थायीभावाचा आश्रयही स्त्रिया व नीच प्रकृतीच म्हणून ठरवला. उत्तम पुरुषाच्या वाट्याला वीररस आणि उत्साह. खालच्याच्या वाट्याला खदाखदा हसणे आणि थरथर कापणे. म्हणजे शास्त्रानेच हे दोन रस आपल्या पदरात टाकले होते. फक्त अट अशी होती की आपण हसावे, भ्यावे, आणि ते पाहून रसिकाने आनंद घ्यावा. आपण कोणाला हसतो आणि कोणाला भितो, हे सांगण्याचा अधिकार त्या वाटणीत नव्हता.

अर्वाचीन मराठीत हे दोन रस दोन वेगळ्या खोल्यांत राहायला गेले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि राम गणेश गडकरी यांच्यापासून विनोदी लेखनाची एक परंपरा झाली. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयकथेची, गूढकथेची दुसरी परंपरा लोकप्रिय केली. या लेखकांचे कसब मी नाकारत नाही. पण आपल्याकडच्या रूढ भयकथेचा भूगोल एकदा तपासून पाहावा. पडका वाडा, निर्मनुष्य रस्ता, शिवेवरचा वड किंवा पिंपळ, नदीकाठची मसणवट. भय गावाबाहेर राहते. नायक चुकून तिकडे जातो, आणि वाचला तर घरी परत येतो. आता प्रश्न असा : ज्याचे घरच शिवेबाहेर होते, मेलेले ढोर ओढणे, मरणाचा सांगावा पोचवणे, सरणाची लाकडे वाहणे ही ज्याची नेमून दिलेली कामे होती, त्याने ही कथा कशी वाचायची? त्याच्यासाठी मसणवट हे कामाचे ठिकाण होते. भीती वाटायची ती तिथून गावात जाताना.

आमच्या वडनेरचेच सांगतो. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट तालुक्याचे हे गाव नागपूर-हैदराबाद रस्त्यावर आहे. इकडे पूर्वी मध्य प्रांताची मालगुजारी पद्धत होती. ती १९५१ मध्ये गेली. गावचा कोतवाल बहुधा महार असे आणि जन्ममृत्यूची वर्दी पोलीस ठाण्यात पोचवणे हे त्याचे काम असे. माझा आजा हे काम करी. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. त्याला अक्षर येत नव्हते, पण गावातले सगळे मेलेले त्याला तोंडपाठ होते. रात्री-अपरात्री एकट्याने जाताना भुते भेटत नव्हती का, असे आम्ही पोरे विचारायचो. तो म्हणे, "भेटे ना! पण मीच पयले आवाज देवो, मालक, मी म्हार हावो. मंग भूत रस्ता सोडून धुऱ्याधुऱ्यानं निंघून जाय. त्यालेबी इटाळ होते ना बापा!"

आम्ही हसून लोळायचो. पुढे कॉलेजात शिकताना या वाक्याचा अर्थ लागला. भूत दिसले तरी आधी आपली जात पुकारायची, ही सवय त्याला भुताने लावली नव्हती. ज्या माणसांसमोर रोज अशी हाळी द्यावी लागे, तीच माणसे मेल्यावर भुते होऊन रस्त्यावर उभी होती, आणि मेल्यावरही सोवळे पाळत होती. एका वाक्यात त्याने भुताची भीती घालवली आणि खरी भीती कुठे आहे ते दाखवले. या वाक्यातला विनोद काढला तर भय उरत नाही, आणि भय काढले तर विनोद उरत नाही. दलित कथेचे बी मला इथे दिसते.

हे बी लिखित स्वरूपात शोधत गेलो तर आपण १८५५ पर्यंत पोचतो. त्या वर्षी जोतीराव फुल्यांच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. पेशवाईत तालीमखान्यापुढून मांग किंवा महार गेला तर त्याचे शिर कापून गुलटेकडीच्या मैदानावर तलवारीच्या दांडूने चेंडूसारखे खेळत, असे तिने लिहिले आहे. हा निबंध आहे, कथा नाही. पण खेळाच्या भाषेत कत्तल सांगण्याची जी रीत पुढे आपल्या कथेने घेतली ती इथे पहिल्यांदा कागदावर आलेली दिसते. त्याच निबंधात ती असा तर्क करते की, वेद आमचेच असे ब्राह्मण म्हणतात. मग आम्हांला धर्मपुस्तक नाही हे उघड झाले. तर देवा, आमचा धर्म कोणता ते आम्हांला कळव. भोळेपणाचा आव आणून प्रतिपक्षाचे विधान शेवटापर्यंत न्यायचे आणि तिथे त्याला उघडे पाडायचे, हा उपरोध चौदा वर्षांच्या मुलीचा आहे.

त्याच वर्षी जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. गरोदर कुणबी स्त्रीला जोशी ग्रहपीडेचे भय घालतो. नवरा-बायको कर्ज काढून ब्राह्मणभोजन घालतात. आणि या सगळ्यावर विदूषक बोलत राहतो. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा मित्र असतो, राजाला हसवतो. जोतीरावांचा विदूषक कुणब्याच्या बाजूने उभा आहे. भय हा जोशाचा धंदा आहे आणि हसू हे त्या धंद्याचा हिशेब मांडण्याचे साधन आहे, हे या नाटकाने दाखवले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते स्वीकारले नाही आणि ते छापले जायला १९७९ साल उजाडावे लागले. सव्वाशे वर्षे हा विदूषक अंधारात उभा होता.

मधल्या काळात ही परंपरा तोंडी चालू राहिली. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे १९३० नंतर भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातल्या हसण्याची दिशा बदलली. तमाशातला सोंगाड्या पुष्कळदा आपल्याच माणसाची फजिती करून गावाला हसवी. जलशातला हजरजबाबी माणूस भट, सावकार आणि रूढी यांना प्रश्न विचारून वस्तीला हसवू लागला.

या पार्श्वभूमीवर अण्णा भाऊ साठे यांची कथा वाचली पाहिजे. वाटेगावातून मुंबईला आलेला हा लेखक स्वतः तमाशाच्या फडातून आणि लाल बावट्याच्या कलापथकातून आलेला होता. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत तो राहिला आणि तिथल्या माणसांवरच्या त्याच्या पुस्तकाचे नाव 'चिरानगरची भुतं'. भुते कोण? जिवंत माणसे. त्याची 'स्मशानातील सोनं' ही कथा तर या विषयाचा वस्तुपाठच आहे. दगडाची खाण बंद पडल्यावर बेकार झालेला भीमा प्रेतांच्या राखेतून सोने चाळू लागतो, पुढे पुरलेली प्रेते उकरू लागतो. बायको भुतांची भीती घालते तेव्हा तो तिला ऐकवतो की खरी भुते मुंबईत घरांतून राहतात. हे ऐकून वाचक हसतो. मग अंधाऱ्या रात्री प्रेतासाठी भीमा आणि कोल्ह्यांची झुंज होते. पहिलवान माणूस, समोर कोल्ही, आणि बक्षीस काय तर मढे. कुस्तीच्या फडाचे हे विडंबन आहे आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. शेवटी त्याची बोटे प्रेताच्या दातांत अडकतात. दोन बोटे कापावी लागतात, आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. नशिबाने केलेली थट्टा असे कोणी म्हणेल. अण्णा भाऊंनी मात्र ती थट्टा कोण करतो ते नेमके सांगितले आहे : खाण बंद करणारा आणि उघडणारा. कथेत भूत कुठेच नाही. मेलेल्याच्या तोंडात सोने घालणारा आणि जिवंताच्या तोंडात भाकर न घालणारा समाज आहे.

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा याच नावाच्या १९६३ च्या संग्रहात आहे. हिची रचना पाहिली तर ती प्रहसनाची आहे. जात लपवून उधन्याला रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण आणि त्याला कवी म्हणून गुरू मानू लागलेला रामचरण तिवारी. वाचकाला जे ठाऊक आहे ते तिवारीला ठाऊक नाही. चुकलेल्या ओळखीतून हशा पिकवण्याची ही युक्ती मराठी रंगभूमीने पुष्कळ वापरली आहे. देवलांच्या 'संशयकल्लोळ'मध्ये गैरसमज फिटतो आणि सगळे सुखी होतात. बागुलांच्या कथेत ओळख पटते आणि नायकाला मार बसतो. एकच युक्ती, पण जात आली की प्रहसनाचा शेवट बदलतो. त्यांच्या १९६९ च्या संग्रहाचे नाव 'मरण स्वस्त होत आहे'. बाजारातल्या भावाची ही भाषा आहे. तिला विनोदी म्हणायचे की भीषण, हे मला ठरवता येत नाही.

वामन होवाळ यांच्या एका कथेत मुंबईच्या गोदीतून निवृत्त झालेला माणूस गावी मजल्याचे घर बांधू पाहतो. पाटील बजावतो, मजला चढवायचा नाही. तेव्हा तो बाहेरून साधे दिसणारे आणि आतून मजल्याचे घर बांधतो. गावाला चकवणारे हे घर म्हणजे विनोदच आहे, विटामातीत बांधलेला. ते घर पेटवले जाते, म्हातारा भाजून मरतो, आणि त्याची मुले मजल्याच्या घरासाठी पुन्हा पाया खणू लागतात. इथे हशा आणि आग यांच्यामध्ये एकाच रात्रीचे अंतर आहे.

ही रीत केवळ आपलीच आहे असे नाही. चार्ल्स चेस्नट या निग्रो पूर्वजांच्या अमेरिकन लेखकाचा 'द कॉन्ज्युअर वुमन' हा संग्रह १८९९ चा. त्यात पूर्वी गुलाम असलेला ज्यूलिअस काका उत्तरेकडून आलेल्या गोऱ्या जोडप्याला चेटकाच्या गमतीदार गोष्टी सांगतो. एका गोष्टीत सँडी या गुलामाला मळ्यामळ्यांवर पाठवले जाऊ नये म्हणून त्याची बायको त्याचे झाड करते. ती दूर असताना ते झाड तोडून करवतीखाली कापले जाते. गोरा नवरा हे ऐकून करमणूक करून घेतो. त्याच्या बायकोला मात्र गुलामगिरी किती भयंकर होती याची जाणीव होते. गोष्ट एक, ऐकणारे दोन. आणि गोष्ट सांगून संपल्यावर ज्यूलिअस काका आपले कामही साधून घेतो.

वर्गात 'स्मशानातील सोनं' वाचून दाखवताना मला हेच दोन श्रोते समोर दिसतात. भीमाच्या उत्तराला सगळी मुले हसतात. कोल्ह्यांच्या झुंजीपाशी काहींचे हसणे थांबते आणि काहींचे चालू राहते. कोणाचे कुठे थांबते, हे जातीवरूनच ठरते असे मात्र मला दिसलेले नाही. ज्यांच्या घरी पोट जाळत माणसे जगली आहेत ती मुले कधीकधी शेवटपर्यंत हसतात, आणि त्यांचे हसणे वेगळे असते. शिक्षकाने ते ओळखले पाहिजे. त्या मुलाला 'गंभीर हो' असे सांगणे म्हणजे त्याच्या आज्याला गप्प बसवणे आहे.

धोकाही सांगितला पाहिजे. आपले दुःख गमतीदार करून सांगणारा दलित प्रस्थापितांना नेहमीच आवडतो; त्याला टाळ्या मिळतात, व्यासपीठ मिळते. म्हणून प्रत्येक विनोदाला एकच प्रश्न विचारावा : या हसण्यानंतर भिणारा कोण उरतो? आपला माणूस अधिक भ्याड दिसला तर तो विनोद सोंगाड्याचा, मालकाच्या पायाशी बसलेला. मालकाची भीती कमी झाली, तर तो जोतीरावांच्या विदूषकाचा.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्यानंतर आमच्या भागातील घरांतून देव गेले आणि त्यांच्याबरोबर भुतेही गेली. मेलेले ढोर ओढणे लोकांनी सोडले. पण त्या काळच्या गोष्टी अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. भुताखेतांच्या म्हणून आपण त्या अंधश्रद्धेच्या खात्यात टाकतो आणि ऐकत नाही. माझी विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना विनंती आहे की त्या लिहून घ्याव्यात, सांगणाऱ्याच्याच बोलीत, आणि तो कुठे हसला तेही टिपून ठेवावे. मालगुजाराच्या दप्तरात आमच्या माणसांचे मरण फक्त वर्दी म्हणून नोंदले गेले. त्या मरणाबरोबर जगताना त्यांनी काय केले, याची नोंद या हसण्यातच आहे.