काड्यापेट्यांतील चित्रशाळा

फरगणा खोऱ्यातील ओश नगरीचे नाव मराठी वाचकांस अगदीच अपरिचित नसावे. बाबराने आपल्या आत्मवृत्तात तेथील वाहत्या पाण्याची व बागांची मनापासून स्तुती केली आहे. त्याच ओशमध्ये १९४८ साली व्याचेस्लाव अखुनोव या चित्रकाराचा जन्म झाला.

मॉस्कोच्या सुरिकोव कलासंस्थेतून ते १९७९ साली पदवीधर झाले. ताश्कंद ही त्यांची कर्मभूमी ठरली. सोविएत राजवटीत चित्रकाराने काय रंगवावे हे शासन ठरवीत असे. पुतळे, घोषणा, लेनिनची मुद्रा यांपुढे सर्वांनी नतमस्तक व्हावयाचे. अखुनोवांनी त्यांनाच उपहासाचा विषय केले. ‘लेनिनियाना’ ही त्यांची चित्रमालिका १९७७ ते १९८२ या काळातील. अशा चित्रांना सरकारी प्रदर्शनाची भिंत मिळणे शक्यच नव्हते.

तेव्हा अखुनोवांनी आपल्या चित्रांच्या व कल्पनांच्या चिमुकल्या प्रतिकृती काड्यापेट्यांत बसविल्या. ‘१ चौरस मीटर’ हे या कृतीचे नाव आणि १९७८ ते २००७ हा तिचा काळ. प्रथमदर्शनी हा खेळ वाटेल; परंतु सत्तेने एका कलावंताला किती जागा दिली, याचे ते बिनचूक मोजमाप आहे, असे आम्हांस वाटते.

१९९१ साली उझबेकिस्तान स्वतंत्र झाला. ताश्कंदच्या ज्या चौकात पूर्वी मार्क्सचे शिल्प होते, तेथे १९९३ साली अश्वारूढ तैमूर विराजमान झाला. देव बदलला, पूजा तशीच राहिली. या नव्या पूजेतही अखुनोव सामील झाले नाहीत. पुढे देशाबाहेर जाण्याचा परवाना त्यांना नाकारण्यात आला. ती परवानापद्धती २०१९ च्या आरंभी रद्द झाली. काड्यापेट्या मात्र २०१२ सालीच जर्मनीत कासेल येथील डॉक्युमेंटा प्रदर्शनात मांडल्या गेल्या होत्या.

कलेचा इतिहास लिहिताना आपण बहुधा भिंतींवर टांगलेली चित्रे आणि चौकांत उभारलेले पुतळे तेवढे पाहतो. ज्यांना भिंत मिळाली नाही त्यांनीही काम केलेच होते. ते शोधावयाचे तर घरांतील वह्या आणि खिशांतील काड्यापेट्या उघडून पाहण्याची सवय आपणांस लावून घ्यावी लागेल.