एका पंगतीतले दोन न्याय

लग्नसराईत ताडकळसला काय किंवा परभणीला काय, एक अनुभव नेहमीचा. पंगत एक, पाणी एक. पण दुसऱ्या दिवशी काही मंडळी वांती-जुलाबाने आडवी होतात आणि शेजारच्या पाटावरचा गडी खुशाल शेतावर जातो. आपण म्हणतो, त्याची प्रकृती काटक. या काटकपणाचा एक धागा मुंबईच्या एका शोधाशी जुळतो.

1952 साली डॉ. य. मो. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना मुंबईत विलक्षण रक्त आढळले. तपासणीत ते 'ओ' गटाचे दिसे. परंतु 'ओ' गटाचे रक्तही त्याला सोसेना! रक्तपेशींवर 'एच' नावाची शर्करा असते. 'ए' आणि 'बी' हे गट तिच्याच पायावर उभे राहतात. या रक्तात तो पायाच नव्हता. त्यालाच पुढे 'बॉम्बे रक्तगट' असे नाव पडले.

आता जरा दूर जाऊ. 1968 साली अमेरिकेतील नॉर्वॉक गावच्या शाळेत वांत्यांची साथ आली आणि जवळजवळ निम्मी शाळा आजारी पडली. तिचा विषाणू 1972 साली सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. पुढे स्वयंसेवकांना तो मुद्दाम पाजला, तेव्हा काहीजण कितीही मात्रा दिली तरी आजारी पडेनात. 2003 साली उलगडा झाला: हा विषाणू आतड्यातील 'एच' शर्करेला धरूनच आत शिरतो, आणि या लोकांच्या आतड्यात ती शर्करा नव्हती.

ही शर्करा रक्तात घडवणारे जनुक वेगळे, आतड्यात व लाळेत घडवणारे वेगळे. दोन्ही एकाच गुणसूत्रावर शेजारी-शेजारी नांदतात. आपल्याकडील बॉम्बे गटाच्या लोकांत पहिले बिघडलेले असते आणि शेजारचे तर मुळातूनच गळालेले. म्हणजे नॉर्वॉकच्या विषाणूला दाराची कडीच सापडत नाही. अर्थात त्याच्या कुळातले काही भाऊबंद दुसऱ्या वाटेने शिरतात. तेव्हा फुशारकी नको.

शिवाय या देणगीची किंमत जबर आहे. हा वारसा आई व बाप दोघांकडून यावा लागतो; म्हणून आते-मामे भावंडांच्या सोयरिकींत तो अधिक दिसतो. अशा माणसाला बाळंतपणात किंवा अपघातात रक्त लागले, तर ते केवळ त्याच्याच गटाचे चालते. आणि साध्या तपासणीच्या चिठ्ठीवर त्याचा गट लिहिलेला असतो 'ओ'.