सारवलेल्या भिंतीवरून पॅरिसपर्यंत



दिवाळीच्या तोंडावर भिंती पोतारायच्या, अंगण सारवायचं, कडेनं गेरूचा पट्टा ओढायचा, हे काम आपल्यापैकी बहुतेकींनी केलेलं आहे. त्याला कुणी चित्रकला म्हटलेलं आम्ही तरी ऐकलं नाही. ‘घरकाम’ या एका शब्दात ते जातं. आज आपण दक्षिण आफ्रिकेतल्या अशा बायांविषयी बोलणार आहोत, ज्यांचं हेच घरकाम पुढे मोठमोठ्या प्रदर्शनांत गेलं. त्या तिथवर कशा गेल्या आणि वाटेत त्यांना काय सोसावं लागलं, ते ऐकण्यासारखं आहे.

तिथे एन्डेबेले नावाचा समाज आहे. 1882 साली बोअर लोकांनी, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या शेतकऱ्यांनी, त्यांच्यावर लढाई लादली. एन्डेबेलेंचा राजा न्याबेला यानं आसऱ्याला आलेल्या शेजारच्या एका सरदाराला त्यांच्या हवाली करायचं नाकारलं होतं. लोक डोंगरातल्या गुहांत शिरले. बोअरांनी वेढा घातला, पिकं जाळली. आठ-नऊ महिन्यांनी, 1883 च्या जुलैत, उपासमारीनं हात टेकले. राजा तुरुंगात गेला. जमिनी गोऱ्यांनी वाटून घेतल्या आणि माणसंही वाटून घेतली. एकेक कुटुंब एकेका गोऱ्या शेतकऱ्याच्या शेतावर पाच-पाच वर्षांच्या वेठीला बांधलं गेलं. एक गाव होतं, त्याची शंभर ठिकाणी विखुरलेली बिऱ्हाडं झाली.

या विखुरलेल्या बिऱ्हाडांतल्या बायांनी पुढच्या काही दशकांत भिंती रंगवायला घेतल्या. शेजारच्या जमातींत मातीच्या रंगांनी भिंती सजवायची चाल होतीच. एन्डेबेले बायांनी ती उचलली आणि इतकी आपलीशी केली, की रस्त्यानं जाणाऱ्याला लांबूनच कळावं, इथे एन्डेबेले राहतात. ही नक्षी म्हणजे गोऱ्यांना न कळणारी गुप्त भाषा होती, असंही पुष्कळ ठिकाणी सांगतात. ऐकायला ती गोष्ट छान आहे, पण अभ्यासक तिला फारसा दुजोरा देत नाहीत. आम्हाला तर वाटतं, तिची गरजही नाही. जमीन गेली, राजा गेला, तरी मालकाच्या शेतातल्या झोपडीची भिंत आपल्या मनासारखी केली, एवढंच काय कमी आहे?

आता कामाची रीत ऐका. आपल्याला ती परकी वाटणार नाही. भिंत माती आणि शेणाची. पांढऱ्याला चुना, काळ्याला काजळी किंवा कोळसा, पिवळ्या-तांबड्याला माती. आणि निळ्याला? कपड्यांना घालायची नीळ! बाजारात मिळणारे तयार रंग पुढे, साधारण 1940 नंतर आले आणि मग भिंती झगमगीत झाल्या. पट्टी नाही, कागदावर आधी कच्चं काढणं नाही. कोंबडीचं पीस घ्यायचं, रंगात बुडवायचं आणि सरळ काळी रेघ ओढायची. डावीकडे जे, तेच उजवीकडे, तंतोतंत. पावसानं भिंत धुपली की पुन्हा सारवायची, पुन्हा रंगवायची. घरातला मुलगा वयात आल्याचा विधी असला, की आईनं घर नव्यानं रंगवायचं, हा रिवाजच. मुलगी वयात आली की तिला काही दिवस घरात बसवून मणीकाम आणि भिंतीचं काम शिकवायचं.

नक्षीत काय काय यावं? दाढीचं पातं, पायऱ्या, विजेचा दिवा, विमान, मोटारीच्या पाटीवरची अक्षरं. गोऱ्यांच्या घरी आणि शहरात जे दिसलं, ते बायांनी आपल्या भिंतीवर आपल्या पद्धतीनं बसवलं. ‘परंपरा’ म्हटलं की आपल्याला जुनं, न बदलणारं काहीतरी वाटतं. या बायांनी तसं कधी मानलं नाही.

सरकारचंही लक्ष गेलं. 1950 च्या सुमारास प्रिटोरियाजवळची एक एन्डेबेले वस्ती हलवून दुसरीकडे बसवली, बायांना रंग पुरवले आणि पाहुण्यांच्या मोटारी तिथे आणायला सुरुवात केली. हे सरकार वर्णभेदाचं. काळ्या माणसाला पास दाखवल्याशिवाय शहरात पाऊल टाकता येत नव्हतं, पण त्याच्या बायकोची भिंत मात्र पर्यटकांना दाखवायला हवी होती. पुढे सरकारनं एन्डेबेलेंसाठी ‘क्वान्डेबेले’ नावाचा वेगळा मुलूख काढला. तिथल्या निवडणुकीत बायांना मतच नव्हतं. 1988 साली कोर्टानं हे बेकायदा ठरवलं, तेव्हा कुठे त्यांना आपल्या मुलखात मत मिळालं. साऱ्या देशाच्या निवडणुकीत मत द्यायला 1994 साल उजाडावं लागलं.

तारीख लक्षात ठेवा, कारण लगेच पुढच्या वर्षी, 1989 मध्ये, एक एन्डेबेले बाई विमानानं पॅरिसला गेली. तिचं नाव एस्थर महलांगू. जन्म 1935 चा. दहा वर्षांची असताना आई आणि आजीकडून शिकली. मोठ्या बाया विसाव्याला गेल्या की ही पोर पीस घेऊन भिंतीला लागायची. रेघा वाकड्या येत, म्हणून तिला घराच्या मागच्या भिंतीवर पिटाळलं. हात बसला, तशी तिला पुढची भिंत मिळाली. पॅरिसच्या त्या प्रदर्शनात जगभरातले शंभराहून जास्त कलाकार होते. एस्थरबाईंनी तिथे आपल्या गावच्यासारखं घर रंगवून दाखवलं.

त्याच प्रदर्शनात आपल्या डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे होते आणि बिहारच्या मिथिलेतल्या बौआ देवीही होत्या. म्हशांचं काम थोर आहे, त्यात शंका नाही. पण वारली चित्राचं मूळ लग्नाच्या चौकात आहे आणि तो चौक तांदळाच्या पिठानं सवाशिणी काढत आल्या. त्या सवाशिणींची नावं कुठल्या वहीत आहेत? भिंतीवर होतं तोवर ते बायांचं काम होतं. कागदावर आलं, विकलं जाऊ लागलं, तेव्हा नावं पुरुषांची झाली. एन्डेबेलेंमध्ये निदान नाव बाईचंच राहिलं, हा फरक आम्हाला मोठा वाटतो.

सगळ्यांचं राहिलं असं मात्र नाही. 1991 मध्ये एस्थरबाईंनी बीएमडब्ल्यू कंपनीची अख्खी मोटार रंगवली. कलाकारांकडून मोटारी रंगवून घ्यायची त्या कंपनीची प्रथा 1975 पासूनची, आणि ते काम मिळालेली ही पहिली बाई. 1997 मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या विमानांच्या शेपटांवर एन्डेबेले नक्षी आली, ती एमली आणि मार्था मासानाबो या बहिणींची. पण त्याच नक्षीची नक्कल कपांवर, पिशव्यांवर, चादरींवर कितीतरी ठिकाणी छापली जाते आणि तिथे कुणाचंच नाव नसतं. आपल्याकडच्या वारलीच्या साड्या आणि पडदे आठवा, म्हणजे वेगळं सांगायला नको.

भिंतीपासून सुरुवात केलेल्या आणखी दोघींबद्दल थोडक्यात सांगतो. ग्लॅडिस मगुडलांडलू या केप टाउनच्या. भिंत रंगवायला आजीनं शिकवलं. आधी परिचारिका, मग शाळेत बाई. दिवसभर नोकरी आणि रात्री रॉकेलच्या दिव्यावर चित्रं. 1961 मध्ये त्यांचं पहिलं प्रदर्शन झालं, तेव्हा काळ्या बाईनं प्रदर्शन भरवणं हीच नवलाई होती. 1979 मध्ये त्या गेल्या. गुगुलेथू वस्तीतल्या त्यांच्या घरात नंतरच्या लोकांनी भिंतीवर रंगाचे थर चढवले होते. 2015 मध्ये ते खरवडल्यावर खाली ग्लॅडिसबाईंची चित्रं निघाली.

दुसऱ्या हेलन सेबिदी, जन्म 1943. याही आजीच्या हाताखाली वाढल्या. जोहान्सबर्गला गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी केली आणि उरल्या वेळात चित्रकला शिकल्या. 1989 मध्ये देशातल्या तरुण कलाकारांसाठीचा मोठा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या काळ्या बाई ठरल्या. 1991 मध्ये त्या चित्रं घेऊन स्वीडनला गेल्या आणि तिथे ती चित्रंच हरवली. तीस वर्षं पत्ता नाही. 2023 मध्ये तिथल्या एका शाळेत 28 चित्रं सापडली, जपून ठेवल्यासारखी.

2024 हे वर्ष दोघींनाही लाभलं. केप टाउनच्या राष्ट्रीय कलादालनात एस्थरबाईंचं आयुष्यभराचं काम एकत्र मांडलं गेलं. तेव्हा त्या 88 वर्षांच्या होत्या आणि अजूनही गावी, अंगणात, मुलामुलींना पिसानं रेघ ओढायला शिकवत होत्या. आणि जोहान्सबर्गमध्ये हेलनबाईंची सापडलेली चित्रं लोकांनी पहिल्यांदा पाहिली. त्या प्रदर्शनाला त्यांच्या भाषेतलं नाव होतं. त्याचा अर्थ, चालतं घर.