स्थलांतरित कामगार व संघटना (पुणे)

पोट भरायला पुण्यात आलेल्या, विशेषतः परराज्यांतल्या मजुरांचे कामगार संघटनांतील व मतदार यादीतील स्थान. देशातल्या देशात फिरायला परवाना लागत नाही. संविधानाचा अनुच्छेद 19 कुठेही जाण्या-राहण्याचे स्वातंत्र्य देतो. त्यामुळे इथले स्थलांतर धोरण वेशीवर दिसत नाही, ते दाखल्यात दडलेले असते.

आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा, 1979 ठेकेदारामार्फत आणलेल्या पाच वा अधिक मजुरांपुरता होता. स्वतःहून येऊन वारज्याच्या मजूर अड्ड्यावर उभा राहणारा त्यात बसत नसे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला वर्षातले 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. साइट आणि मुकादम दोन्ही बदलत गेल्यावर तो द्यायचा कोणी? असे मजूर किती असुरक्षित राहतात ते 29 जून 2019 च्या पहाटे दिसले: कोंढव्यात सोसायटीची भिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळून 15 जण दगावले. त्यांतले बहुतेक बिहारमधल्या कटिहारचे होते.

कारखान्यात अडसर ठेक्याचा. पुण्याच्या कल्याणी स्टील्सच्या उपाहारगृहातील ठेक्यावरच्या कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये ठरवले, की कामगार कंपनीचेच आहेत हे आधी सिद्ध वा मान्य झाल्याशिवाय महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघ मान्यता कायद्याखाली तक्रार करता येणार नाही.

याउलट कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत (1993). तिच्यात दलित स्त्रिया बहुसंख्य. अनेकींची कुटुंबे दुष्काळात गाव सोडून आलेली. पंचायतीने महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळवली. कचऱ्यात हात घालणारीला पोलीस हटकत, तेव्हा पगारवाढीच्या मागणीपेक्षा हे कार्ड मोलाचे होते. पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 पासून घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार महापालिकेशी झाला. अर्थात या बाया इथे स्थिरावल्या होत्या. सहा महिन्यांनी गावी परतणाऱ्याला असे बस्तान बसवायला सवड नसते.

मताचेही तेच. 1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदा मतदाराला त्या मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी मानूनच यादीत घेतो. मजुराचे नाव गावी आणि तो लेबर कॅम्पात, मग नगरसेवक त्याच्याकडे कशाला फिरकेल? दूरस्थ मतदान यंत्राचे प्रात्यक्षिक निवडणूक आयोगाने जानेवारी 2023 मध्ये ठेवले. विरोधी पक्षांनी हरकत घेतली आणि बेत बारगळला.

नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी स्वतःहून येणाऱ्यालाही स्थलांतरिताच्या व्याख्येत घेतले, मात्र पाचाची अट दहावर नेली. अड्ड्यावरून घरदुरुस्तीला नेलेल्या चौघांना ती तरतूद लागू नाही.